पिठीसाखरेचा तराजू

मी एक जुना तराजू आहे, आणि सुरुवातीलाच कबूल करतो की मी दहा ग्रॅम खोटं सांगतो. सगळा जन्म खरेपणावर काढलेल्याला हे सांगणं जड जातं. पण मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायची तर हे आधी माहीत असलेलं बरं.

माझं अंग बिडाचं आहे. वर आडवी दांडी, दांडीच्या दोन टोकांवर दोन पितळी पारडी आणि मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसलेले दोन काटे. काटे समोरासमोर आले की वजन बरोबर. डाव्या पारड्यात वजन टाकायचं, उजव्यात माल. वजन पडलं की डावं पारडं खाली जाऊन बुडावर आपटतं आणि ‘टण्ण’ असा आवाज येतो. ज्या कारागिरानं मला घडवलं त्यानं हा आवाज मुद्दाम काही केला नव्हता, तो आपोआपच झाला. पण माझ्या आयुष्यात तोच सगळ्यात जास्त कामाला आला.

मी तीस वर्षं आप्पांच्या बेकरीत काढली. पहाटे पीठ, मीठ आणि लोणी तोलायचं, दिवसभर बिस्किटं आणि टोस्ट. आप्पांचा हात उदार होता. काटे जुळल्यावरही ते वर एक बिस्कीट टाकायचे, म्हणजे खरं वजन मी करायचो आणि शाबासकी आप्पांना मिळायची. तरी गिऱ्हाइकं म्हणायची, “इथला तराजू आहे, परत मोजायला नको.” हे ऐकलं की मला अंगभर पॉलिश केल्यासारखं वाटायचं.

एकदा कोणाच्या तरी पिशवीचा धक्का लागून माझं डावं पारडं फरशीवर पडलं. काठाचा तुकडा उडाला आणि ते दहा ग्रॅमनं हलकं झालं. आप्पांनी दुकानाचं दार ओढून घेतलं, तासभर खटपट केली आणि बरोबर दहा ग्रॅमचा एक लोखंडी नट शोधून पारड्याच्या तळाशी तारेनं बांधला. त्या नटासकट मी पुन्हा खरा झालो.

त्याच हिवाळ्यात पिठाच्या पोत्यांमागे मांजरीचं एक पिल्लू सापडलं. त्याची आई काही परत आली नाही. आप्पांनी त्याला उचलून थेट माझ्या उजव्या पारड्यात ठेवलं. दोनशे दहा ग्रॅम! भट्टीच्या उबेनं पितळ गरम होतं. ते कान किटेपर्यंत ओरडणारं पिल्लू दोन मिनिटांत तिथेच गाढ झोपलं आणि सकाळचं गिऱ्हाईक अर्धा तास ताटकळत उभं राहिलं. पिल्लू मुळात पांढरं, त्यात पिठानं माखलेलं, म्हणून तिचं नाव पिठीसाखर पडलं. आप्पांच्या पत्नी, म्हणजे आमच्या माई, तिला लाडानं ‘पिठे’ म्हणायच्या.

पुढे आप्पांचे गुडघे थकले, बेकरी बंद झाली आणि मी दुकानावरच्या त्यांच्या घरी स्वयंपाकघरात आलो. तिथे माझ्या पारड्यात लसूण ठेवू लागले. निवृत्ती म्हणतात ती हीच, असं मी मनाशी धरलं.

पण पिठी नऊ वर्षांची झाली आणि खूप पाणी पिऊ लागली. सारखं पाणी, आणि अंग मात्र वाळत चाललेलं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, “हिला मधुमेह झालाय.” माई रडवेल्या होऊन म्हणाल्या, “नाव तरी दुसरं ठेवायचं होतं हो आपण!” डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी सगळं समजावलं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, मोजून साठ ग्रॅम खाणं, आणि पोटात अन्न गेल्यावर मानेमागच्या सैल कातडीत इन्सुलिनची बारीक सुई.

लसूण टोपलीत गेला आणि मी कामावर परत रुजू झालो. घरात शिस्त बसली. आप्पांची मुलगी ताई औषधांच्या कारखान्यात तपासनीस होती. तिथे गोळीतला केसभर फरकही चालत नाही, त्यामुळे पिठीची साखर तपासायचं काम तिच्याकडे गेलं. बाहेरच्या खोलीत ती पिठीला मांडीवर घ्यायची. यंत्रात पट्टी घातली की ते ‘पीं’ करायचं, मग कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त. पिठीला ते मुळीच आवडायचं नाही. पण तेवढ्यात आत आप्पा माझ्या पारड्यात वजन टाकायचे. टण्ण! पिठी मांडीवरून उडी मारून शेपटी उभारत स्वयंपाकघरात हजर. ‘पीं’ म्हणजे टोचणं आणि ‘टण्ण’ म्हणजे जेवण, हा हिशेब तिच्या डोक्यात पक्का बसला होता. तीन वर्षं एक दिवसही ती उपाशी राहिली नाही. मित्रांनो, एका जिवाचं आयुष्य आपल्या आवाजावर चालतं, याचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

मग घर बदललं. आप्पांना जिने चढवेनात, म्हणून ताईनं तळमजल्यावरचं घर घेतलं. सामानाची बांधाबांध झाली. त्या धांदलीत माझ्या पारड्याखालची तार तुटली आणि नट कुठे गळून पडला, कोणालाच कळलं नाही.

नव्या घरात ताईनं मला ओट्यावर ठेवलं, पारखून पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “आप्पा, हा दहा ग्रॅम चुकतोय. साठातले दहा म्हणजे थोडेथोडके नाहीत. पिठीच्या बाबतीत नको बाई असा धोका.”

आप्पांनी नट शोधला. खिसे पाहिले, खोकी पाहिली, माईंचा शिवणाचा डबासुद्धा उपडा केला. नट मिळाला नाही. संध्याकाळी ताई नवाकोरा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आली. थाळीसारखा चपटा, चकचकीत, ग्रॅमचाही दहावा भाग दाखवणारा. मला खोक्यात घातलं आणि खोक्यावर ‘भंगार’ असं लिहिलं. मी ताईला दोष देत नाही. ती बोलली ते खरंच होतं, आणि खऱ्याचं वाईट वाटून घ्यायची सोय मला तरी नाही.

खोकं स्वयंपाकघराच्या दाराशीच होतं. मला दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं.

पहिल्या संध्याकाळी पिठीनं अन्नाला तोंड लावलं नाही. “जागा नवी आहे, बावरलीय,” माई म्हणाल्या. सकाळी तिनं दोन घास खाल्ले आणि ती पलंगाखाली गेली. ताईनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. फोन ओट्यावर मोठ्या आवाजात होता, त्यामुळे मीही ऐकला.

“पोट रिकामं असताना पूर्ण डोस मुळीच देऊ नका,” त्या म्हणाल्या. “साखर एकदम खाली जाईल, फिटसुद्धा येऊ शकते. आणि मनानं डोस बंदही करू नका. दर वेळी तिनं किती खाल्लं ते मला सांगा, मी आकडा सांगेन. तिला एका खोलीत ठेवा, जुनी चादर द्या, खाणं जरा कोमट करा. भोवती गर्दी करू नका.”

त्यांनी सगळं केलं. चादर दिली, खोली दिली, खाणं कोमट केलं. माई दाराआडून गुणगुणत राहिल्या, “पिठे, एक घास गं, माझ्यासाठी.” ताईनं कामावर रजा टाकली आणि दर दोन तासांनी ताजं खाणं मोजून ठेवायला सुरुवात केली. दर वेळी ती नवा काटा चालू करायची, आणि दर वेळी तो म्हणायचा, ‘पीं’.

मित्रांनो, मी खोक्यात होतो, पण मला सगळं कळत होतं. त्या ‘पीं’पाठोपाठ पलंगाखाली नखं खरवडल्याचा आवाज यायचा. पिठी आणखी आत, भिंतीला चिकटत होती. तो आवाज हुबेहूब टोचायच्या यंत्राचा होता! तिला वाटायचं, आता पुन्हा कान टोचणार. जितकं ह्या घरच्यांचं प्रेम जास्त, तितकं ते जास्त वेळा मोजत होते, आणि जितकं मोजत होते तितकी ती घाबरत होती. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण माझं तोंड म्हणजे माझी पारडी, आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला होता. “आता थांबण्यात अर्थ नाही. मांजरानं इतके दिवस उपाशी राहणं यकृताला झेपत नाही, त्यात हिला मधुमेह. आज सातला खाल्लं नाही, तर तिला इथे दाखल करा. नळीनं अन्न द्यावं लागेल.”

“वाचेल ना?” ताईनं विचारलं.

“घेऊन तर या,” त्या म्हणाल्या.

फोन बंद झाला. मग ताईच्या रडण्याचा आवाज आला. एवढी मोठी, कारखान्यात सगळे जिला घाबरतात ती ताई, लहान मुलीसारखी रडत होती. “सगळं बरोबर करतेय गं मी, माई. ग्रॅम न् ग्रॅम मोजतेय. चुकतंय कुठे?”

त्याच वेळी दारावर भंगारवाला आला. दैव कधी कोणाला पाठवील, सांगता येत नाही. आप्पांनी त्याला बोलावून ठेवलं होतं आणि ते साफ विसरले होते. त्याच्या खांद्यावरच्या ताणकाट्याचा हूक खणखणलेला मला ऐकू आला. जन्मभर दुसऱ्यांना तोलणाऱ्या मला आता त्या हुकावर लटकायचं होतं.

आप्पांनी खोकं उघडलं. “थांब रे जरा,” ते भंगारवाल्याला म्हणाले, “पुसून देतो. असा धुळकट नाही जाऊ द्यायचा.” त्यांनी मला ओट्यावर ठेवलं, पारडी बसवली, सदऱ्याच्या बाहीनं पुसली. मग खोक्यातलं पन्नासचं वजन त्यांच्या हाताला लागलं. तीस वर्षांची सवय हो! त्यांनी ते नकळत डाव्या पारड्यात टाकलं.

टण्ण!

मी जीव खाऊन वाजलो.

आतल्या खोलीत चादर सरकली. मग फरशीवर पावलं, अगदी हलकी, अडखळत येणारी. पिठी दारात येऊन उभी राहिली. तीन दिवसांत तिची पाठ हाडावर आली होती, पण शेपटी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे, आणि खरखरीत आवाजात एकदाच म्हणाली, “म्यांव.”

आप्पा जागचे हलले नाहीत. “ताई,” ते हळूच म्हणाले, “इकडे ये. पळत येऊ नकोस.”

ताई आली. ओट्यावर मघाशी मोजून ठेवलेलं खाणं होतं. आप्पांनी ताटली उचलून खाली ठेवली आणि पाठ वळवली. पिठीनं वास घेतला. एक घास, दुसरा घास. घरात तिच्या चाटण्याशिवाय आवाज नव्हता. भंगारवाला दारात उभा राहून म्हणाला, “आप्पा, तराजू देताय ना?” आणि माईंनी त्याला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं.

अर्धी ताटली संपल्यावर पिठी जरा थांबली. ताईला नेमकं वजन हवं होतं. तिनं सवयीनं नवा काटा चालू केला. पीं! पिठी बाणासारखी पलंगाखाली.

ताई तशीच उभी राहिली. मग तिनं कपाटातून टोचायचं यंत्र काढलं, त्यात पट्टी घातली. पीं! तिनं एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा यंत्राकडे, आणि ती मटकन खाली बसली.

“मीच गं, माई,” ती म्हणाली. “मीच तिला दर दोन तासांनी घाबरवत होते.”

“तू तिला खायलाच घालत होतीस,” माईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तिला ते ऐकू निराळं येत होतं, एवढंच. ऊठ, डॉक्टरीणबाईंना सांग किती खाल्लं ते.”

त्या दिवशी पिठीनं तीस ग्रॅम खाल्लं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याप्रमाणे डोस सांगितला, आणि दाखल करायचं दुसऱ्या दिवसावर ढकललं. दुसऱ्या दिवशी चाळीस, पुढे पंचेचाळीस. एकदा परत वीसवर आली, तेव्हा ताईनं लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पण दहाव्या दिवशी ताटली स्वच्छ झाली आणि आप्पांनी ती उचलून शेजाऱ्यांना बक्षिसासारखी दाखवून आणली. मला विकायचं राहिलं ते राहिलंच. भंगारवाला रिकाम्या खोक्यावर समाधान मानून गेला.

आता आमची वाटणी झाली आहे. नवा काटा न्हाणीघरात राहतो. ताई दार लावून तिथे खाणं मोजते, साठ म्हणजे साठ. मग ती ताटली घेऊन ओट्याशी येते आणि माझ्या पारड्यात पन्नासचं वजन टाकते. मोजण्यासाठी नव्हे, हाक मारण्यासाठी. नट काही सापडला नाही, आणि आता तो कोणी शोधतही नाही. एके काळी अख्ख्या पेठेचा माझ्यावर विश्वास होता, आता एका मांजरीचा आहे. मला तो पुरतो.

मित्रांनो, घर बदललंत तर सामानाबरोबर तुमच्या मुक्या जिवांच्या ओळखीच्या चार गोष्टीही न्या. त्यांची ताटली, चादर, रोजची वेळ आणि रोजचे आवाज. तुम्हाला जे मोडकंतोडकं वाटतं, त्याच्याशी कोणाचे तरी कान बांधलेले असतात. फेकण्याआधी एकदा वाजवून बघा, कोण धावत येतं ते.

कालचीच गोष्ट सांगतो. संध्याकाळचे साडेसहा झाले होते, जेवणाला अजून अर्धा तास होता. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. पिठी उडी मारून ओट्यावर आली, माझ्या अंगाला गाल घासला, मग पुढचा पाय उचलून माझ्या डाव्या पारड्यावर ठेवला आणि जोरात दाबला.

टण्ण!

बाहेरच्या खोलीतून माईंच्या हसण्याचा आवाज आला. “अहो, ऐकलंत का? पिठीला भूक लागलीय!”