वजीरची दाढ

डॉक्टर यशराजनं इंजेक्शन दिलं, दहा मिनिटं थांबून चिमटा उचलला, आणि वजीरनं तोंड मिटलं ते असं, की पहार घातली तरी उघडू नये.

"आवं, आ करा की," मेहरुनबी नवऱ्याच्या पुढ्यात येऊन ओरडली. "सहा म्हैनं झालं. साखर चारशेवर गेलीया. पू जबड्यात उतरला म्हंजी?"

"न्हाई काढायची."

"एक दाढ राहिलीया तोंडात. तिच्यावर काय मनोरा बांधायचाय?"

डॉक्टरनं चिमटा खाली ठेवला. तो गावात नवा होता, म्हणून त्याला नवल वाटत होतं. बाकी कृष्णाकाठच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की वजीर ऐकतो तो त्या दाढेनं.

झालं होतं असं, की नदीवरच्या पंपघरात मोटारींच्या शेजारी वीस वर्षं काढल्यावर वजीरचे दोन्ही कान कामातून गेले. मग नगरपालिकेनं त्याला गावात व्हॉल्व्ह फिरवायला घातलं. एकदा खड्ड्यात उतरताना दोन्ही हातांत पाने होते म्हणून त्यानं लोखंडी सळई दातांत धरली. तिचं दुसरं टोक बिडाच्या पाइपाला टेकलं, आणि सगळं गाव त्याच्या डोक्यात शिरलं. हंडे भरत होते, टाक्या वाहत होत्या, कुठंतरी कुणी चूळ भरत होतं, आणि या सगळ्याच्या खाली, तीन मैलांवरून, नदी चालत येत होती. वजीर चिखलात मटकन बसला. नमाजातही त्याचे डोळे कधी असे भरून आले नव्हते.

त्या दिवसापासून गळती शोधायची तर सळई आणि दाढ. नळाला चोरून मोटार लावणाऱ्याचं घर तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहून सांगे. लालासाहेबांकडं पाव्हणे आलेत, हे शेजाऱ्यांच्या आधी वजीरला कळे, कारण त्यांचे हंडे दुप्पट वाजत. एका वर्षी तर म्हणे त्यानं पाइपातून महाबळेश्वरचा पाऊस ऐकला आणि पंपघर दोन दिवस आधी रिकामं करवलं. पूर आला तेव्हा पंपघर पाण्यात होतं आणि मोटारी टेकडीवर. खोटं वाटत असेल तर मोटारी अजून चालू आहेत, जाऊन बघावं.

पुढं एकेक दात गेला. वर कवळी आली, पण कवळीला काय ऐकू येणार, ती परकी. खाली उरली ही एक दाढ. वजीर निवृत्त झाला. दाढ मात्र नोकरीतच राहिली.

मेहरुनबीचा फोन वाजला. पलीकडं पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअर शिवांजली मॅडम होत्या. तांबट गल्लीत नळाला गटाराचं पाणी येत होतं. सव्वीस पोरं दवाखान्यात सलाइनवर होती. गळती शोधायचं यंत्र सांगलीहून यायचं होतं, पण उद्या.

मेहरुनबीनं फोन ठेवला, चिमट्याकडं पाहिलं आणि नवऱ्याच्या दंडाला धरलं.

"उठा. दाढ काय पळून जात न्हाई."

"अहो, पण इंजेक्शन दिलंय मी," डॉक्टर म्हणाला. "दाढ बधिर झालीय त्यांची."

वजीरनं ते त्याच्या ओठांवरून वाचलं, आणि तो पहिल्यांदाच घाबरला.

तांबट गल्लीत अर्धं गाव लोटलं होतं. नव्या काँक्रीटला अजून वर्षही झालं नव्हतं. फोडायचं तर चारशे फूट फोडावं लागणार, आणि तोवर गल्ली कोरडी. शिवांजली मूळची खंडाळ्याची, नकाशावर आणि टेपवर विश्वास ठेवणारी. चाचांच्या दाढेची गोष्ट तिनं ऐकली होती आणि हसून सोडली होती. आज ती हसत नव्हती.

"चाचा, जमेल?"

"दाढ झोपलीया, मॅडम. बघू उठती का."

आठव्या दाराच्या उंबऱ्यावर दगडाबाई बसली होती. तिचा नातू त्या सव्विसांतला. "वजिरा," ती म्हणाली, "निस्तं पानी पिऊन पोरगं आडवं झालंय माजं. तुज्या दाढंला सांग, झोपायला रात हाय म्हनावं."

वजीरनं पहिल्या दारातल्या नळाला सळई टेकवली. दुसरं टोक दाढेवर ठेवून वरून कवळी दाबली. ना चव, ना कळ. लाकूड चावल्यासारखं. मग जबड्याच्या हाडातून, अगदी हळू, गाव वर आलं. झोपलं होतं ते दुखणं. ऐकणं जागंच होतं. सहा महिन्यांचा ठणका नाहीसा झाल्यामुळं कधी नव्हे इतकं लख्ख ऐकू येत होतं.

तो दारोदार गेला. सातव्या दारात पाणी फिस्कारत होतं, आठव्यातही. नेमकी जागा मात्र कळेना. त्यानं हात वर केला. "बंद करा पानी."

व्हॉल्व्ह बंद झाला. वजीरनं गटाराच्या कडेच्या फटीतून सळई खाली सारली, पाइपाला भिडेपर्यंत, आणि डोळे मिटले. पाइप रिकामा होत गेला. आणि मग चाळीस वर्षांच्या नोकरीत कधी ऐकलं नव्हतं ते त्यानं ऐकलं. पाइप पाणी पीत होता. उन्हातून आलेल्या म्हशीसारखा, घोट घोट, भोवतालचं गटार पीत होता. वजीरनं सळई होती नव्हती तेवढ्या ताकदीनं चावली.

"हितं," तो म्हणाला. "साडेचार फूट खोल. शिशाचा सांधा सुटलाय."

खणलं. टेप म्हणाला चार फूट आठ इंच. ते दोन इंच वजीरनं नव्या काँक्रीटच्या माथी मारले. सांध्यातलं शिसं निघून पडलं होतं आणि फटीत बोटभर काळा गाळ बसला होता. लोकांनी गाळ पाहिला, मग वजीरला पाहिलं.

दुपार कलेपर्यंत सांध्यावर पट्टा आवळून झाला. आता पाणी सोडून सांधा गप्प बसला का, तेवढं ऐकायचं होतं. वजीरनं सळई तोंडाकडं नेली.

"वजिरा, रगात," दगडाबाई म्हणाली.

त्यानं तोंडाला हात लावला. दाढ तळहातावर आली. मक्याच्या दाण्याएवढी, काळी. कधी निसटली, त्याला कळलंही नव्हतं. त्यानं सळई हिरडीला लावून पाहिली, कवळीला लावून पाहिली. काही नाही. गाव गेलं होतं, नदीही गेली होती.

मेहरुनबीनं त्याच्या तळहातावरून दाढ उचलली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

वजीरनं बाटलीतल्या पाण्यानं सळई धुतली, दोनदा धुतली, आणि शिवांजलीपुढं धरली.

"मॅडम, तुमचं दात चांगलं हायती."

शिवांजलीनं जमलेल्या गावाकडं पाहिलं. मग ओढणी कमरेला खोचून ती खड्ड्यात उतरली, सळई पाइपाला टेकवली आणि दाढेखाली धरली. कुणीतरी पाणी सोडलं.

आधी ती नुसतीच अवघडून बसली होती. मग तिच्या भुवया वर गेल्या. मग डोळे मोठे झाले आणि कुणाकडंच बघेनासे झाले. वजीर वरून तिच्या चेहऱ्याकडं बघत होता. आता हंडे आले असतील. आता टाक्या. आता नदी.

"सांधा गप हाय का?" त्यानं विचारलं.

तिनं वर न बघताच हात केला. थांबा, बोलू नका.

वजीर थांबला. मग वळून ओठांवर बोट ठेवून त्यानं सगळ्या गल्लीला गप्प केलं.