दहा मिनिटं पुढचं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं लंबकाचं घड्याळ हाय, अन् लई लबाड हाय. नांदेडात बंद पडलेल्या गिरणीच्या गेटासमोर चन्नबसप्पांचं चहाचं हॉटेल हाय. तिथं जिलेबीच्या कपाटावर मी लटकून राहिलो. गप बसणं मला जमतच न्हाई.

चन्नबसप्पांनी मला जुन्या बाजारातून आणलं अन् पहिल्याच दिवशी माझे काटे दहा मिनिटं पुढं सारले. तवा गिरणी चालू होती, जरा उशीर झाला की खाडा लागायचा, दिवसाची मजुरी बुडायची. माझ्याकडं बघून माणसं गरम चहा तसाच घशात वतायची, जीभ भाजून घ्यायची, पळत गेटावर जायची अन् बघतात तर वेळ शिल्लक! मग मला शिव्या. पण खाडा कुणाचाच न्हाई. त्या शिव्या मला लई गोड लागायच्या.

हळूहळू गल्लीला माझी खोड कळाली. जो तो माझ्यातून दहा मिनिटं कमी करायला लागला. गिरणी बंद पडली, आत बाभळी वाढल्या, गेटावर क्लासचे फ्लेक्स लागले, तरी गल्लीची वजाबाकी चालूच. माझ्या काचेवर मात्र भज्याच्या तेलाचा थर बसला. चावी द्यायलाबी विसरायचे.

परवा चन्नबसप्पा उदगीरला लग्नाला गेले. गल्ल्यावर त्यांची नवी सून शिवानी बसली. टापटिपीची पोरगी. तिनं माझी काच पुसली, मी नुसता फुगलो. तेवढ्यात तिनं मोबाईल बघितला अन् माझे काटे दहा मिनिटं मागं घेतले. मी जन्मात पहिल्यांदा खरं बोलायला लागलो अन् अंगाला खाजच सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केवळाबाई आली. तीस वर्षं तिनं गिरणीत सुताच्या मशीनवर काढलेली. संगं नात आरती. तिची लातूरला नर्सच्या नोकरीची परीक्षा, अकराला गेट बंद. गल्लीच्या मोडावरून सातची एसटी गाठायची, पुढच्या गाडीनं गेलं तर परीक्षा हुकली. परीक्षेत चालत न्हाई म्हणून मोबाईल घरीच ठेवलेला.

माझ्यात सातला दहा कमी होते, अन् ते खरे होते. केवळाबाईनं सवयीनं आणखी दहा काढले अन् चहा-भजे सांगितले.

सातला पाच कमी. आरती उठली.

"बस गं," केवळाबाई म्हणाली. "ह्याची खोड मला ठाऊक हाय."

माझा जीव खालीवर. सातचे टोले पडेस्तोवर गाडी गेली असती. तोंड तर मला न्हाई. मग मी लंबकच थांबवला.

गिरणीतल्या बाईला चालू मशीन ऐकू येत न्हाई, थांबलेलं येतं. थांबलं म्हंजे सूत तुटलं. केवळाबाईची बशी तोंडाशीच राहिली.

"शिवानी, ह्याला काय झालं गं?"

"काय म्हाईत, आजी. कालच तर टाईम बरोबर केला म्या."

"बरोबर? म्हंजे पुढं न्हाई?"

"न्हाई, मोबाईलशी मिळवला."

केवळाबाईनं आरतीच्या पाठीत धपाटा घातला अन् दोघी सुटल्या. मला दारातून मोड दिसतो. एसटी हालली होती. म्हातारी दोन्ही हात पसरून तिच्या पुढ्यात उभी राहिली. ड्रायव्हर काय बोलला ते इथं सांगण्यासारखं न्हाई, पण आरती चढली.

केवळाबाई धापा टाकत परत आली, गार चहा प्याली अन् म्हणाली, "पोरी, त्याला आधी होतं तसं लबाड कर."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूची काच पुसा, आठवड्याला चावी द्या. पण काट्याला हात लावायच्या आधी गल्लीतल्या एखाद्या म्हातारीला विचारा.

बाकी मी मजेत. शिवानीनं मला दहा न्हाई, बारा मिनिटं पुढं लावलंय. गल्ली अजून दहाच कमी करून राहिली. हे फक्त तिला अन् मला ठाऊक, अन् आता तुम्हाला. कुणाला सांगू नका.