चार येळचं जेवण

परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, "आजी, शुगरची गोळी घेतली की अर्ध्या तासात खायचं. थोडं थोडं, पण दिवसातून चार वेळा."

मी म्हनलं, "आमच्यात लिंगपूजा केल्याबिगर घास घालत न्हाईत. चार येळा उठवलं तर देव वैतागंल की!"

"त्यालाही भूक लागत असेल," डॉक्टर म्हनला. पोरगं हुशार.

मालक होते तवर सकाळ-दुपार-संध्याकाळ चूल पेटायची. ते गेले, तवापसून मी एकदाच जेवायलेय. एका भाकरीसाठी तवा तापवायचा, आन समोर बसायला कोन न्हाई.

पन पुण्यातल्या लेकाला, शिवप्रकाशला, फोनवर भलतंच सांगायची. "आज सकाळी मठातले जंगमस्वामी आले. सोळा भाकरी खाल्ल्या. त्यांच्या नादानं मीबी चार."

"आणि दुपारी?"

"दुपारी पिंगळी टेशनात रेल्वे थांबवून डायवर वरनफळं खायला आला, इथं आपल्या झरी गावात. पाशिंजरं बसलेत तिकडंच."

तो खदाखदा हसायचा. तेवढंच घरात माणसाचं हसू.

परवा सकाळी गोळी घेतली. गोळी काय अन्न न्हाई, म्हून पूजेच्या आधीच. मंग आंघोळ केली, विभूती लावली, गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, आन डोळ्यापुढं अंधारी आली. लिंग पडू नये म्हून मूठ आवळली, पडले मीच.

शेजारची सरजाबाई विरजन मागायला आली म्हून वाचले. तिनं तोंडात साखर कोंबली.

"आगं, पूजा राहिली माझी!"

"काकू, आधी गिळा! देवाला मी सांगते."

संध्याकाळी लेकाचा फोन आला. खरं सांगायचं ठरवलंच होतं.

"शिवा, मी एकदाच जेवायलेय रं. सकाळी गोळी घेऊन उपाशी होते, चक्कर येऊन पडले. एकटीला घास जात न्हाई."

तो हसायला लागला. "आई, आज गोष्ट लय साधी झाली. स्वामी कुठं गेले?"

तिकडं तो वाट बघायला होता.

"आले ना," मी म्हनलं. "मी पडले तशी जमिनीत हीर पडली. स्वामी दोर घेऊनच आले."

लय हसला. फोन ठेवला.

मंग मी पूजा केली, तवा ठेवला, भाकर थापली. ताट घेऊन बसले. पयला तुकडा मोडून मोठ्यानं म्हनलं, "बसा, जेवून घ्या."

आवाज घरभर फिरून आला. मी चावत राहिले.