ऐकलंस का गं?

मेंढरांतलं ज्योतिबाला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या कवठे महांकाळ तालुक्यात कुणाला कळत नाही, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करतील. एखाद्या मेंढ्यापासून वाकड्या जबड्याचं एक कोकरू झालं की तो मेंढा बाजारात, आणि त्याची धडधाकट पिल्लंही बाजारात. कळप असाच राखतात, आणि मेंढरांपुरतं ते बरोबरही आहे. माणसांना हाच न्याय लावायला तो निघाला, तिथं सगळं बिघडलं.

त्याचा थोरला मुलगा दिग्विजय कॉलेज अर्धवट सोडून घरी आला तो कानात माणसं बोलतात असं सांगत. मिरजेच्या संयोगिता मॅडमनी, म्हणजे डॉक्टरांनी, आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. पहिला डोस इतका जड पडला की पोरगं दिवसभर झोपून असायचं, तोंडातून लाळ गळायची, आई बनाबाई घास भरवायची. पुढं गोळ्या कमी होत गेल्या आणि तो माणसांत आला. अधूनमधून आवाज यायचे, पण त्यावर त्यानं बहिणीला, मायाला, हाताशी धरून तोडगा काढला होता. शंका आली की तो विचारायचा, "ऐकलंस का गं?" ती व्हय म्हणाली तर ते जगातलं, न्हाई म्हणाली तर डोक्यातलं. तिच्या एका शब्दावर तो निर्धास्त मेंढरं घेऊन रानात जायचा. त्याचं बरं असणं सगळं त्या शब्दावर उभं होतं.

मग मिरजेत संशोधनासाठी घरातल्या चौघांचं रक्त घेतलं. आमच्या रक्तात काय घावलं, असं ज्योतिबा सारखं विचारायला लागला, तेव्हा मॅडमनी सोपं करून सांगितलं. मेंदूत सेरोटोनिन नावाचं द्रव्य असतं, ते धरून घेणारे रिसेप्टर असतात, आणि ते कसे घडवायचे हे जनुकात लिहिलेलं असतं. त्या लिखाणात एका अक्षराचा फरक दिग्विजयमध्ये आहे, मायामध्येही आहे. पण असा फरक निम्म्या लोकांत सापडतो, माझ्यातही असेल, त्या म्हणाल्या. त्यानं धोका वाढलाच तर अगदी किंचित, त्यावरून कुणाचं पुढचं सांगता येत नाही. मॅडमनी हे दोनदा सांगितलं. ज्योतिबाच्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की मायामध्येही आहे.

मायाच्या लग्नाची सुपारी फुटली होती. मुलगा जतकडचा, कृष्णात. त्याचा फोन आला की ती बोलत बोलत पार बांधापर्यंत जायची आणि हसत परत यायची. ज्योतिबा कुणाला न सांगता एसटीनं जतकडं गेला आणि कृष्णातच्या वडिलांना म्हणाला, "माझ्या लेकीच्या रक्तातबी तेच हाय. जाणूनबुजून तुमचा कळप नासवायचा न्हाई मला."

घरी येऊन तो शांतपणे जेवायला बसला. आपण मोठं सचोटीचं काम केलं असं त्याला वाटत होतं. मला विचाराल तर असली सचोटी चुलीत घालावी. माया रडली, भांडली, मॅडमचं बोलणं तिनं आप्पांना परत परत समजावलं, पण दगडावर पाणी. कृष्णात फोन उचलेनासा झाला. लग्न मोडलं. दिग्विजयला मात्र सगळ्यांनी मिळून सांगितलं की मुलालाच दुसरी पसंत पडली.

गाव कुठलं गप्प बसतंय. एकदा भाऊबहीण दळणाचा डबा घेऊन गिरणीच्या दारात उभे होते. आत दोघीतिघी बायका होत्या. यंत्राच्या घरघरीत एकमेकींना ऐकू जावं म्हणून त्या ओरडूनच बोलत होत्या. येड्या भावापायी सोन्यासारख्या पोरीचं मोडलं म्हणं.

दिग्विजयचा चेहरा उतरला. "ऐकलंस का गं?"

मायानं शब्दन् शब्द ऐकला होता. "न्हाई," ती म्हणाली.

त्यानं विश्वास ठेवला. पुढं एसटी स्टँडवर तेच कानावर आलं, देवळापाशी तेच आलं. दर वेळी तो विचारायचा आणि माया न्हाई म्हणायची. हळूहळू त्यानं रानात जाणं सोडलं. माणसं दिसली की कानांवर हात ठेवायला लागला. मिरजेला दाखवायची तारीख आली, माया बरोबर गेली, तेव्हा तो आपण होऊनच मॅडमना म्हणाला की आवाज परत सुरू झालेत, पहिल्यापेक्षा जास्त, आणि मायाला त्यातलं काहीच ऐकू येत नाही. मॅडमनी बराच वेळ विचारपूस केली आणि पहिला जड डोस परत लिहायला घेतला.

त्या डोसवरचा भाऊ मायानं पाहिला होता. "थांबा मॅडम," ती म्हणाली. "त्ये भास न्हाईत. लोक खरंच तसं बोलत्यात. मी ऐकलंय, समदं ऐकलंय."

दिग्विजय क्षणभर तिच्याकडं बघतच राहिला आणि मग हसला. कितीतरी दिवसांनी तो असा हसला. "म्हंजे माझं कान चांगलं हाईत," तो मॅडमना म्हणाला, "बघा, मी बराच हाय की." आनंदानं त्यानं मायाचा हात घट्ट धरला.

मग त्याची पकड हळूहळू सैल झाली. माया घाईघाईनं सांगत राहिली, तुझ्यामुळं न्हाई रं, आप्पांनी मोडलं, तुझा काय दोष.

"मॅडम, ती मोठी गोळी लिवाच," शेवटी तो म्हणाला. "खरं असलं तरी मला ते ऐकायचं न्हाई."