पारावरची रेंज

"तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असं ती कंपनीतली बाई मले रोज सांगे. महत्त्वाचा हाय तं उचल न वं माय! मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, अन् मंग बसा गाणं आयकत. अकोल्याच्या जठारपेठेत आमचं हाराफुलाचं दुकान हाय. हातात सुई, दातात दोरा, खांद्यात फोन दाबून मी ते गाणं आयकत बसत होती. गाणं संपलं का फोन आपोआप कट. असं डोकं फिरे का वाटे, फेकून द्यावा फोन झेंडूच्या टोपल्यात.

तक्रार माह्या फोनची नव्हती, मायच्या फोनची होती. माही माय माणिकबाई हिवरखेडले एकटी राहते. घरामागं जमिनीचा तुकडा हाय, त्यात वांगे, सांबार म्हणजे कोथिंबीर, अन् थोडा झेंडू लावते. मी एकुलती एक पोट्टी. अकोल्याले चाल म्हटलं का म्हणते, "तुह्या त्या दोन खोल्यात मी पाय कुठं पसरू?" मंग आमच्यात एक ठरलं होतं. रोज दिवेलागणीले तिनं मले मिसकॉल द्यायचा. एक घंटी वाजवून कट केला म्हणजे बरी हाय. दोन घंट्या वाजल्या म्हणजे ये. मी उचलायचा नाही. पैसे वाचवासाठी सुरू केलं होतं, पुढं बोलणं फुकट झालं तरी सवय तीच राहिली. ती एक घंटी वाजली का मगच मी कुकर लावत होती.

पण मायच्या घरात रेंज कुठं? तिच्या कंपनीची रेंज अख्ख्या आळीत एकाच जागी भेटे, मारोतीच्या पारावर. सांज झाली का साऱ्या बाया फोन घेऊन पारावर. माय भी काठी टेकत जाये, पावसात जाये, थंडीत जाये. अन् तिथंही कधी लागे, कधी नाही. नाही लागला का इकडं माहा जीव टांगणीले. माहा नवरा धर्मेंद्र म्हणे, "अवं, बुढी बरी हाय, कंपनी बिमार हाय."

रिचार्जचं तं इचारूच नका. महिना म्हणतात अन् महिना भराच्या आत संपवतात. नाही मारला तं येणारा फोनही बंद.

श्रावणात दोन दिवस घंटी आली नाही. मी दुकान सोडून, बस बदलत हिवरखेडले पोचली, तं माय अंगणात बसून सांबाराच्या जुड्या बांधून राहिली होती. मले पाहून म्हणे, "आज काहून आली वं?"

"घंटी काहून नाही देल्ली?"

"मी तं देल्ली. तुह्याकडं नाही पोचली त्याले मी काय करू?"

त्या दिवशी कानाले खडा लावला. म्हटलं, बस झालं, कंपनीच बदलतो. मंग दुकानात येईन त्या गिऱ्हाइकाले इचारणं सुरू केलं, तुमची कोणती, गावाकडं चालते का? जो तो आपल्याच कंपनीले शिव्या घाले. एक म्हणे ह्याची घ्या, दुसरा म्हणे त्याची भूलूनही घेऊ नका. सगळे एकाच माळेचे मणी. शेवटी समजलं का मायच्या घरामागं एका कंपनीचा नवा टॉवर झाला हाय. धरली तीच.

माय नाही म्हणे. "राहू दे न संध्ये. मले पारावर जाणं काही जड नाही होत."

"तुले नाही होत, मले होते," मी म्हटलं. लयच जोरात म्हटलं.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलाची तं पहिले जुन्या कंपनीचा कोड यावा लागते. तो कोड घ्यायाले भी आम्ही पारावरच गेलो! सोडचिठ्ठी मागाले त्याच नवऱ्याच्या दारात. मंग सिमवाल्या विपुलनं मायचा फोटो काढला. "आजी, डोळे उघडा," तो म्हणे, अन् माय फोटोच्या वक्ती बरोबर डोळे मिटे. चार खेपा झाल्यावर जमलं.

नवं सिम सुरू झालं तं रेंज स्वयंपाकखोलीत, रेंज न्हाणीत, रेंज खाटेवर. घंटी अशी टायमावर येऊ लागली का मी घड्याळ पाहणं सोडून देल्लं. गंगेत घोडं न्हालं एकदाचं! मी धर्मेंद्रले म्हटलं, "पाह्य, अक्कल लागते याले."

नवरात्र आलं. आमचं सालभराचं कमवणं त्या दिवसातच. घटाच्या माळा, देवीचे हार, मंग दसऱ्याचा झेंडू. जेवाले फुरसत नाही. पण सांजेले एक घंटी वाजे, अन् मी मनात म्हणू, चला, माय बरी हाय.

अष्टमीच्या सांजेले माहे हात वले होते. फोन सरकवाले गेली अन् घंटी वाजता वाजता उचलल्या गेला. पलीकडं नुसता श्वास. मंग मायचा आवाज, विहिरीतून यावा तसा. "उचलला काहून?"

"आवाज असा काहून येते तुहा?"

"निजली होती."

दिवेलागणीले माही माय निजत नाही. तापातही दिवा लावल्याबिगर निजली नाही कधी. मी सकाळची पहिली बस धरली.

दार नुसतं लोटलेलं होतं. माय खाटेवर. पाय सुजून दुधीभोपळा झालेला. उशाशी तांब्या, मुरमुऱ्याची पिशवी अन् फोन. घट बसले त्याच दिवशी न्हाणीत घसरली होती. तवापासून भिंत धरून, घासत जेवढं जाता येईन तेवढंच.

"अन् मले रोज एक घंटी वाजवत होती?"

"मंग काय दोन वाजवू? ऐन दसऱ्यात दुकान टाकून धावत आली असती तू."

मले रागही आला अन् रडूही आलं. राग तिच्यावर काढाचा का माह्यावर, समजे ना. खाटेच्या पायाशी बसून मी पोटभर रडली. ती माह्या डोक्यावरून हात फिरवे अन् म्हणे, "चूप वं, दुकानावर कोण हाय?"

शेजारची रुख्मिणीकाकू आवाज आयकून आली. मायचा पाय पाहून मटकन खालीच बसली. "अवं बाई! मले काय ठाऊक? पहिले एक सांज पारावर नाही दिसली तं मी घरी येऊन पाहत जाऊ. आता म्हटलं, पोरीनं घरातच रेंज आणून देल्ली, आता कायले येईन ते आमच्यात."

त्या मोडक्या रेंजपायी माय रोज उठे, चाले, चार बायाइले दिसे, तवा कुठं माह्याकडं एक घंटी वाजे. तेव्हा तिले खोटं बोलता येत नव्हतं. खाटेवरून खोटं बोलाची सोय मीच पैसे भरून करून देल्ली.

मायले अकोल्याले आणलं. हाड चिरलं होतं, प्लास्टर लागलं. पाय सुटला तशी म्हणे मले गावी सोडून दे. सोडली. येता येता विपुलकडं गेली. "बदल बापा, जुनीच कंपनी कर."

"ताई, तीन महिने होईपर्यंत नाही बदलत."

"मी सांगून राहिली न, मले नाही पाहिजे हे रेंज!"

"मंग कस्टमर केअरले लावा."

लावला. तिथंही माहा कॉल महत्त्वाचाच होता. मी कट केला.

अन् मजा पाहा, नव्या कंपनीची रेंज साऱ्या घरात हाय, फक्त पारावर नाही. मंग असं ठरलं का मायनं फोन घरीच ठेवायचा, काठी टेकत पारावर जायाचं, अन् रुख्मिणीकाकूनं तिले डोळ्यानं पाहून आपल्या फोनवरून एक घंटी द्यायची. कधी लागते, कधी नाही लागत. माहा जीव पुन्हा टांगणीले हाय. असू दे.

काल सांजेले काकूच्या नंबरावरून घंटी वाजली. मी हार गुंफत होती. कट होईन म्हणून पाहून राहिली, तं दुसरी वाजली. दोन! माह्या हातातला दोराच तुटला. उलटा फोन लावला.

"काकू, काय झालं? पडली का?"

"नाही वं, हे काय, चांगली बसली हाय. घे, तूच बोल."

मायचा आवाज आला. "वांगे लय निघाले यंदा."

"मंग बसवर टाकून दे न! दोन घंट्या कायले वाजवाच्या? माहा जीव गेला असता."

मागं बायाइचा गलका आयकू येत होता. मंग हळूच म्हणे, "वांग्यासाठी नाही बोलावलं वं."

इतक्या सालात मायनं मले कधी ये म्हटलं नव्हतं. समोर गिऱ्हाईक उभं होतं, हार अर्धाच झाला होता. मी सुई धर्मेंद्रच्या हातात देल्ली अन् चपला पाहू लागली.