चंद्रभानच्या गाद्या

"अवो, थे माह्या मायनं देल्ली गादी हाय! हात लावू नोका तिले!"

सुभद्रा अंगणात उभी राहून ओरडत होती आणि तिचा नवरा चंद्रभान इळ्यानं गादीचं पोट फाडत होता.

"मायनं कापूसच भरला ना तिच्यात? सोनं हाय थे आता. सोन्यावर कोनी झोपते काय वं?"

वलगावजवळच्या आमच्या गावाला त्या साली वेडच लागलं होतं. साता समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या काळ्या मातीचं नशीब उघडलं. शेतातला कापूस व्यापारी हातोहात उचलत होते. चंद्रभानचाही सारा गाड्या भरून गेला. पण दारात व्यापाऱ्याची गाडी उभी पाहून त्याला धीर धरवेना. गाद्या गेल्या, उशासुद्धा गेल्या. सारं गावच तसं झालं होतं. जरा फाटलं की टाक उकिरड्यावर आणि घे नवं. नासीर पिंजारी तेवढा दाराशी माशा मारत बसायचा. कापूसच नाही, तर तो पिंजणार काय?

"नव्या गाद्या आनतो उमरावतीहून," म्हणून चंद्रभान गेला. पण गादीत भरायला कापूस तिथं तरी कुठला? संध्याकाळी आला तो रुप्याच्या मुठीची काठी घेऊन.

"आता काठीवर झोपा," सुभद्रा म्हणाली.

माघाची थंडी हाडात शिरत होती. घरातली सगळी कडब्यावर निजू लागली. सकाळी चंद्रभानच्या पाठीवरचे वळ पाहून शेजारच्या मनकर्णाबाई विचारायच्या, "काय चंद्रभानजी, बैल उपाशी ठेवले काय?"

अशात लेकीच्या, जमुनेच्या, साक्षगंधाचा सांगावा आला. व्याही भगवंतराव बायकोसकट मुक्कामाला येणार होते. चंद्रभानचं तोंड एवढंसं झालं.

"कडब्यावर निजवलं तं सोयरीक मोडन वं. काय करू?"

सुभद्रा उठून नासीरच्या घरी गेली. त्याची बायको जैनबबी सगळं ऐकून म्हणाली, "कापूस नाही कसा, बाई? मजुरांनी मोठं मोठं बोंड येचलं. बारकं पऱ्हाटीले चिकटून लय राह्यलं हाये. काटे टोचतीन, पन भेटते."

आळीतल्या बाया शेतात शिरल्या. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळल्या झुडपांवरचा किडका, पिवळट कापूस त्यांनी ओच्यात गोळा केला. नासीरनं पिंजण उतरवलं आणि कित्येक दिवसांनी त्याच्या दारात तार वाजली. उकिरड्यावरची लुगडी, जुनी धोतरं धुऊन आली. मग सुभद्राच्या ओसरीवर वाकळा शिवणं सुरू झालं. सुई एकीची, दोरा दुसरीचा, शिव्या मात्र सगळ्यांच्या, त्याही चंद्रभानला. जमुना त्यांच्यात बसून टाके घालत होती आणि बापाला पडणाऱ्या शिव्या ऐकून गालात हसत होती.

साक्षगंध थाटात झालं. पाहुणे वाकळांवर असे निजले की अंगणात उन्हं आली तरी उठेनात. दुसऱ्या दिवशी जायचे, ते तिसऱ्या दिवशीही जायचं नाव काढीनात. चंद्रभान मनातून चरकला. आता काय मागतात हे?

शेवटी भगवंतराव खाकरले. "आंदनाचं बोलाचं व्हतं, व्याही."

"बोला ना. सोनं म्हना, भांडी म्हना..."

"सोनं नोको गा." त्यांनी बायकोकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "पोरीसंग दोन-चार वाकया द्या. आमीबी आमच्या गाद्या इकल्या बावा."

विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू आवरेना. "तवापासून कडब्यावर लोळून राह्यलो जी! घरी जाचा जीव होत नाही!"

सुभद्रा तर भिंतीला टेकून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई बांधावरून चालल्या होत्या. पाहतात तर चंद्रभान नवा फेटा बांधून पऱ्हाटीत ओणवा झालेला, बोटं काट्यांनी रक्ताळलेली.

"काय हरवलं वो, चंद्रभानजी?"

"काही नाही, वयनी," त्यानं वर न पाहताच सांगितलं. "लेकीचं आंदन येचून राह्यलो."