दोराला आठ माणसं

रस्सीखेचीला माणसं लागतात आठ. गल्लीत उरली होती चार, त्यातही न्हाव्याची कंबर धरलेली. तरणी पोरं पोटापाण्यासाठी कधीच पांगली होती. त्यांच्या रिकाम्या खोल्यांत समुद्रापलीकडची मासेमारी करणारी कुटुंबं येऊन राहिली होती. आता ती लॉन्ड्रीत कामाला जात.

"यंदा नाव काढून घेऊ," न्हावी म्हणाला. "नाहीतरी गल्ली आता आपली कुठे राहिलीय?"

सुतारकाकांना ते पटेना. सामन्यात दोर ओढायची हाळी दरवर्षी त्यांची बायको द्यायची. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. गल्लीच उतरली नाही, तर हाळी तरी कोणाला द्यायची? ते जिना चढून नव्या भाडेकरूंकडे गेले.

"काका, दार बसवायला आलात?" बाईने विचारलं.

"नाही. माणसं मागायला. पाच हवीत."

"चार दीर आहेत. पाचवी मी. चालेल?"

"दीर कसे आहेत ते बघू. तुम्ही चालाल."

सराव मात्र हसं करणारा झाला. समोरून जोर आला की ही मंडळी दोन पावलं पुढे जात. कडेला बसलेल्या न्हाव्याने कपाळावर हात मारला.

"काका, यांना ओढायला आणलंत की सोडायला?"

"जाळं असंच ओढतात," बाई म्हणाली. "लाट आली की द्यायचं. ती दमली की घ्यायचं."

सामन्यात बाजारगल्लीच्या पैलवानांनी जीव खाऊन ओढलं. आपले आठ जण थोडे गेले, थांबले. पैलवानांनी दम घ्यायला तोंड उघडलं, तशी काकांनी हाळी दिली. पहिली शेजारच्या दोघांनाच ऐकू गेली. दुसरी पार टोकापर्यंत गेली. पैलवान एकमेकांच्या अंगावर पडत रेघेअलीकडे आले. न्हावी कंबर विसरून नाचला.

दुसऱ्या दिवशी काका दाढीला बसले, तर न्हावी धुमसत होता. बाजारगल्लीवाल्यांनी त्या बाईला म्हणे स्वस्तात दोन खोल्या देऊ केल्या होत्या.

"बघा की काका. कोण कुठले, आपल्या गल्लीत येतात आणि आपली माणसं पळवतात."

काकांना हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी त्यांचं पोट असं गदगदत होतं.

"हलू नका," न्हावी वस्तरा उचलून म्हणाला. "कान जाईल."